मुलांवर ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ असे शिक्के मारणे थांबवा

तिरपा चौकोन (धागालेखक)

‘समुपदेशक’ यांनी कालच्या लेखात असे सुचवले आहे की, वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यावी, त्यांचे दृश्य (पाहून शिकणारे), श्राव्य (ऐकून शिकणारे) आणि कृतिशील (करून शिकणारे) असे तीन गट पाडावेत आणि प्रत्येक गटाला त्याच्या शैलीने शिकवावे. त्या लेखाचे झालेले कौतुक पाहून एवढ्याशा प्रतिसादात भागणार नाही असे वाटले, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मुलांच्या आवडी निरनिराळ्या असतात, हे कोणीच नाकारत नाही. प्रश्न एवढाच आहे की, आवडीच्या पद्धतीने शिकवल्यास ती अधिक शिकतात का. हे ठरवायचे तर ‘मुले रमली’ एवढे पुरत नाही. प्रत्येक गटातल्या काही मुलांना चित्रांतून आणि काहींना ऐकवून शिकवावे लागते, नंतर सर्वांची एकच परीक्षा घ्यावी लागते, आणि दृश्य मुलांना चित्रांचा तर श्राव्य मुलांना ऐकण्याचा अधिक फायदा झाला, असे स्पष्ट दिसावे लागते. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन याच कसोटीवर घासून पाहिले, तेव्हा तिला उतरतील असे अभ्यास मोजकेच निघाले आणि त्यांतील अनेकांचे निष्कर्ष या कल्पनेच्या थेट विरोधात जाणारे होते. त्याआधी २००४ मध्ये शिक्षण-संशोधक कॉफिल्ड यांच्या गटाला अशा अध्ययनशैलींची, म्हणजे शिकण्याच्या शैलींची, ७१ प्रारूपे आढळली होती. त्यांपैकी कोणत्या प्रारूपाचा शिक्का मुलाच्या कपाळी मारायचा, हे लेखात कुठेच नाही.

पद्धत ठरवायची ती विषयाकडे पाहून. समोर कोणतेही मूल असो, नकाशा नुसता ऐकवून कळत नाही आणि उच्चार नुसता लिहून दाखवून सुधारत नाही.

समुपदेशक

आपण लेख वाचलात की चाळलात, अशी शंका येते. माझ्या वर्गातली एक मुलगी एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांची बेरीज दोन सप्तमांश लिहीत असे. फळ्यावर कितीही वेळा समजावले तरी ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच लिहायची. अखेर मी तिला सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. तिने एकीचे तीन आणि दुसरीचे चार भाग घडी घालून केले. सात भागांची पट्टी मी मोजपट्टीने आखून दिली. दोन सप्तमांशाचा तुकडा एक तृतीयांशाच्या तुकड्याशेजारी ठेवल्यावर तो आखूड भरला, तेव्हा ती म्हणाली, “मिळवल्यावर कमी कसे झाले?” त्यानंतर तिने ती चूक पुन्हा केली नाही. ती कृतिशील गटातली होती. ७१ प्रारूपे मोजणाऱ्यांनी एकदा वर्गात उभे राहून पाहावे.

तिरपा चौकोन

उदाहरण उत्तम आहे आणि ते माझ्या बाजूचे आहे. बेरीज मूळ अपूर्णांकापेक्षा लहान असू शकत नाही, हे त्या पट्टीवर कोणालाही दिसले असते. श्राव्य गटाला त्या दिवशी पट्ट्या दिल्या होत्या की नाही, तेवढे सांगावे.

समुपदेशक

दिल्या होत्या. कागद भरपूर होता.

संथवाचक

मी शिक्षक नाही, पालक आहे. माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘श्राव्य शैली’ असा शेरा आला, तेव्हापासून पुस्तक पुढे केले की तो शांतपणे सांगतो, “मी ऐकून शिकणारा आहे, मला वाचून समजत नाही.” त्याला वाचायचा कंटाळा होता आणि शाळेने त्या कंटाळ्याला प्रमाणपत्र दिले. पुढे त्याला ऐकवणारा कोण भेटणार आहे?

चौथा बाक

येथे सगळे एकाच मापाने मोजले जात आहे. मानसशास्त्रज्ञ गार्डनर यांनी १९८३ मध्येच अनेक बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते असे सांगितले, तो खोटा का? माझ्या बहिणीला अक्षरे जुळवून वाचणे फार जड जात असे. प्रश्न तोंडी विचारला की तिचे उत्तर बिनचूक असे. तिलाही ‘विषयाकडे पाहून’ पुस्तकच द्यायचे होते का?

तिरपा चौकोन

गार्डनर यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे की, अनेक बुद्धिमत्ता आणि अध्ययनशैली या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बहिणीची वाचनातली अडचण खरी होती आणि तिच्यासाठी वेगळी सोय करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच होते. परंतु ती गरज झाली, शैली नव्हे. ती दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीतून कळत नाही, त्यासाठी तज्ज्ञाकडून रीतसर तपासणी करून घ्यावी लागते. पूर्वज्ञानाचेही तसेच आहे: नवख्याला पायरीपायरीने सोडवून दाखवलेले उदाहरण उपयोगी पडते, तर जाणकाराला तेच अडथळा ठरू शकते. फरक करायचा तो येथे करा.

पाटीपेन्सिल

एकच धडा तीन पद्धतींनी तयार करायचा, त्याचे तीन तक्ते भरायचे, ते वरिष्ठांना दाखवायचे आणि मग वेळ उरलाच तर शिकवायचे, असा हा एकूण प्रकार आहे. या थोतांडांपायी पाठांतर मात्र बदनाम झाले. आमच्या वेळी पाढे तोंडपाठ असत आणि कोणीही आमची शैली विचारली नाही.

उलटतपासणी

आपल्या वेळी पाढे न आलेल्यांचे काय झाले, तेही सांगा. मला व्याख्या शब्दन् शब्द पाठ होत्या आणि एकीचाही अर्थ कळला नव्हता. घोकंपट्टीचे गोडवे गाण्यासाठी दुसरा धागा काढावा.

पाटीपेन्सिल

अर्थ कळला नाही, हा दोष शिकवण्याचा आहे, पाठांतराचा नव्हे. सात आठे किती हे बोटांवर मोजणाऱ्याचे निम्मे लक्ष मोजण्यातच जाते, मग तो अपूर्णांक काय सोडवणार? आपल्यासारखे लोक स्वतःचा जुना राग सगळ्या पिढीवर काढतात.

उलटतपासणी

राग आहेच, आणि पट्टीचे वळ हातावर उमटलेल्या माणसाला तो असण्याचा अधिकार आहे. आठवणीतला मार आपल्याला शिस्त वाटतो, यात नवल नाही.

तिरपा चौकोन

मार बाजूला ठेवून बोलू या. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, तर काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होते आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. म्हणजे घोकण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न टिकतो, आणि त्यासाठी कोणाचीही शैली विचारावी लागली नाही.

पाटीपेन्सिल

पुस्तक मिटून म्हणून दाखवा, हे आमचे गुरुजी सांगत, ते आता संशोधनाने मान्य केले, याबद्दल संशोधकांचे आभार.

उलटतपासणी

गुरुजींनी सोबत अर्थही विचारला असता, तर आभारात मीही सामील झालो असतो. पाढ्यांपुरते आपले म्हणणे मान्य, व्याख्यांपुरते मुळीच नाही.

समुपदेशक

माझ्या लेखावरची चर्चा पाढ्यांवर उतरलेली पाहून धन्य झालो. ‘श्राव्य’ हा शेरा यापुढे प्रगतिपुस्तकात जाणार नाही, एवढे ‘संथवाचक’ यांच्यासाठी मान्य करतो. प्रश्नावली मात्र मी घेणारच. मुलांना काय आवडते, हे विचारण्यावर अजून कोणत्याही संशोधकाने बंदी घातलेली नाही.

संथवाचक

विचारा, पण उत्तर त्यांना सांगू नका.