गोडोलीहून राजवाड्याला सायकलने: रस्ता कोणता, फ्रीव्हील किती दात्यांचं?

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात गोडोलीतून रोज मोती चौक, राजवाडा भागात जायचं आहे. साधी बिनगिअरची सायकल आहे, पुढे ४४ दाते, मागच्या दातेरी चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८, चाक २८ इंची, ब्रेक रॉडचे, रिम स्टीलची. जाताना चढावर गुडघ्यावर जोर येतो, येताना ब्रेकचा भरवसा वाटत नाही. शिवाय पोवई नाका कसा पार करावा? गिअरची नवी सायकल घेण्यावाचून इलाज आहे का?

वरचा रस्ता
नवी सायकल लागणार नाही. आधी रस्त्याचं सांगतो.

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यात, उतरू नका. २०२१ मध्ये तो सुरू झाला तो मोटारींसाठी सोयीचा. सायकलला आत उतरताना वेग येतो आणि बाहेर पडताना नेमका चढ लागतो, तेव्हा मागून गाड्या वेगात येत असतात. वरूनच, महाराजांच्या पुतळ्याच्या चौकातून जा. उजवीकडे वळायचं असेल तर चौकाच्या मध्यात अडकून राहू नका. आधी सरळ पलीकडे जा, कडेला थांबा, सायकल फिरवा आणि मग त्या बाजूच्या वाहनांबरोबर निघा.

पुढे राजपथ, म्हणजे वरचा रस्ता, की खालचा रस्ता? आपलं शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या उतारावर वसलेलं. खालच्या रस्त्याने, म्हणजे कर्मवीर पथाने गेलात तर राजवाड्याजवळ आडव्या गल्लीतून वर यावं लागतं. हा चढ लहान पण उभा. राजपथाने चढ सलग मिळतो, पाय लयीत राहतात. सकाळी दुकानं उघडायच्या आत राजपथच बरा. संध्याकाळी मोती चौकाच्या अलीकडेच उतरून सायकल हातात धरा, त्या गर्दीत चालवण्यापेक्षा ते लवकर होतं.

राजपथावर उभ्या मोटारींपासून हातभर नाही, पुरतं मीटरभर अंतर ठेवा. दार उघडलं तर तेवढीच जागा वाचवते. मागून हॉर्न वाजला म्हणून गटाराच्या जाळीकडे सरकू नका. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असतील तर पुढचं चाक सरळ आत जातं.

चाक आणि चेन
गुडघ्याचं उत्तर मागच्या फ्रीव्हीलमध्ये आहे, ताई/दादा. ४४ ला १८ म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरतं, साधारण ५.४ मीटर अंतर. मागे २२ दात्यांचं बसवा. एका फेरीत ४.४ मीटर जाल आणि त्याच चढाला पायाचा जोर सुमारे १८ टक्के कमी लागेल. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तरी ताशी १६ किलोमीटरच्या आसपास वेग राहतो. शहरात याहून जास्त लागतो कुठे?

काम असं: चाक काढून मिस्त्रीच्या पुलरने जुनं फ्रीव्हील डावीकडे फिरवून सोडायचं. जुनं गंजलं असेल तर आटे सुटायला वेळ लागतो, आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावायला सांगाच, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच. चार दाते वाढले की चेन दोन कड्यांनी लांब लागते. चाक मागच्या खाचेत थोडं पुढे सरकवून कधी जुनीच चेन पुरते. पण चेन मधोमध दाबली की अर्धा इंच खाली-वर व्हायलाच हवी. फार ताणली तर पायडल जड, सैल राहिली तर चढावर उभं राहून जोर देताना नेमकी उतरते.

सीटही बघा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. सीट बुटकी असेल तर फ्रीव्हील बदलूनही गुडघा दुखेल.

गोडोलीकर
फ्रीव्हील बदलतो. ब्रेकचं?

चाक आणि चेन
स्टीलची रिम ओली झाली की ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं, मग धरतं. तेवढ्यात सायकल बरीच पुढे गेलेली असते. म्हणून पावसात उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या. चेनला तेल सोडताना मागच्या रिमवर थेंब पडला तर कोरड्या दिवशीही ब्रेक घसरतो. फडक्याला थोडं रॉकेल लावून पुसा, मग कोरडं फडकं फिरवा. रबर कडक होऊन चकाकत असेल तर सँडपेपरने घासा, खाचा गेल्या असतील तर बदलाच.

वरचा रस्ता
त्यात एक भर: येताना आडव्या गल्लीतून खालच्या रस्त्यावर उतरू नका. गल्लीच्या तोंडाशी भिंतीमुळे दोन्ही बाजूंचं दिसत नाही आणि रॉड ब्रेक तिथेच दगा देतात. राजपथानेच या. आणि बाजाराची पिशवी हँडलला अडकवू नका, वळताना ती चाकात जाते. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन घालून बांधा.