मदत हवी आहे : नव्या साहसकथासंग्रहाआधी फ्रिट्झ लायबर कोणत्या क्रमाने वाचावेत?

तलवार आणि जादू यांची सांगड घालणाऱ्या अद्भुत साहसकथांचा एक नवा इंग्रजी संग्रह लवकरच येत असून आमचे वाचनमंडळ त्याची आतुरतेने वाट पाहत आहे. तो हाती पडण्यापूर्वी या प्रकाराच्या मुळाशी असलेल्या कथा वाचाव्यात, असे आम्ही ठरवले. रॉबर्ट हॉवर्ड यांच्या कॉननकथा १९३२ पासून ‘वीअर्ड टेल्स’ या अमेरिकी मासिकात ज्या क्रमाने छापल्या गेल्या, त्याच क्रमाने आम्ही वाचल्या, आधी राजा म्हणून भेटलेला नायक पुढे तरुण चोर म्हणून समोर येतो, आणि त्या उलटसुलटपणाने गोडी वाढलीच.

अडचण अमेरिकी लेखक फ्रिट्झ लायबर यांच्यापाशी आली आहे. त्यांच्या कथांतील नायकांची, फाफर्ड आणि ग्रे माउसर यांची, जोडी १९३९ मध्ये वाचकांसमोर आली, परंतु त्यांची मैत्री कशी जुळली हे सांगणारी कथा थेट १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे निघालेल्या पुस्तकांत कथा नायकांच्या आयुष्यक्रमाने लावल्यामुळे ती उशिरा लिहिलेली, अत्यंत करुण शेवटाची कथा पहिल्याच पुस्तकात येते. आमच्यापैकी काहींनी दोन्ही क्रम अजमावून पाहिले, पण एकमत झाले नाही.

आम्हाला छापील पुस्तकेच हवी आहेत, बैठकीत एकच कथा घेतली जाते आणि बहुतेकांना हा प्रकार नवा आहे. कादंबऱ्या सध्या नकोत. ज्यांनी या कथा पूर्ण वाचल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे : ती करुण कथा आधी वाचल्याने जुन्या कथांतील खेळकरपणा झाकोळतो की अधिक उठून दिसतो, आणि त्यानुसार आम्ही सुरुवात नेमक्या कोणत्या कथेपासून करावी?