शब्दचर्चा : ‘अपेक्षाभंग’ की ‘अपेक्षाफरक’?

प्रश्न : डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनावरच्या लेखात ‘रिवॉर्ड प्रेडिक्शन एरर’साठी ‘अपेक्षाभंग’ वापरला तर चालेल का? आणि डोपामिनला म्हटलेलं ‘आनंदरसायन’ ठेवायचं की काढायचं?

उत्तर : दोन्ही काढा. अपेक्षाभंग म्हणजे हवं ते न मिळणं, एवढाच अर्थ मराठी वाचक घेतो. डोपामिनचा हा संकेत मात्र दोन्ही बाजूंनी चालतो, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तरी आणि कमी मिळालं तरी, म्हणून ‘अपेक्षाफरक’ बरा : मिळालेलं वजा अपेक्षित.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत हे लख्ख दिसतं. मध्यमेंदूतल्या डोपामिन पेशी एरवी सेकंदाला साधारण ३ ते ५ विद्युत स्पंद देतात. ध्यानीमनी नसताना रसाचा थेंब मिळाला की क्षणभर स्पंदांची झड लागते. दिव्यानंतर रस येतो हे माकड शिकलं, की तीच झड दिव्याला लागते आणि रसाच्या वेळी काहीच होत नाही. दिवा लावून रस दिला नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी स्पंद जवळपास थांबतात. अपेक्षाभंग म्हणायचं तर फक्त या शेवटच्या पायरीला.

‘आनंदरसायन’ही इथेच कोसळतं. रस तोच, गोडीही तीच, तरी झड गायब!

पुरवणी : आकडे घातले की वाचकाला पटतं. रेस्कोर्ला-वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७२च्या सूत्राचं साधं रूप घ्या : नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + शिकण्याचा वेग × फरक. वेग ०.२ आणि बक्षीस १ धरलं, तर अपेक्षा ०.२, ०.३६, ०.४८८, ०.५९, ०.६७२ अशी चढते. दर खेपेला वाढ कमी. सहाव्या खेपेला बक्षीस दिलं नाही, तर फरक उणे ०.६७२ आणि अपेक्षा ०.५३८वर उतरते. एका नकाराने शिकलेलं पुसलं जात नाही, ते यामुळे.

दुसरं उत्तर : ‘क्यू’साठी, म्हणजे बक्षिसाची चाहूल देणाऱ्या गोष्टीसाठी, ‘संकेत’ नको, कारण डोपामिनच्या संदेशालाही तुम्ही तेच म्हणताय. दिव्याला ‘खूण’ म्हणा. ‘रिवॉर्ड’ला ‘बक्षीस’ रूढ आहे, राहू द्या. पण ‘मोबदला’ टाळाच. मोबदला कामाचा असतो, इथे थेंब ध्यानीमनी नसतानाही मिळतो.

‘वारंवार जोडी लावली की मेंदू शिकतो’ हे लेखातलं वाक्यही बदला. दिव्यावरून बक्षीस आधीच पक्कं कळत असेल आणि मग सोबत घंटा वाजवू लागलात, तर घंटेबद्दल फारसं काही शिकलं जात नाही. फरकच उरलेला नसतो. याला ‘रोध’ म्हणता येईल. २०१३ साली उंदरांमध्ये बक्षिसाच्या क्षणी डोपामिन पेशी प्रकाशाने चेतवल्या, तेव्हा हा रोध सुटला आणि दुसरी खूणही शिकली गेली. फरकाचा संकेत शिकवतो, याचा इतका थेट पुरावा लेखात हवाच.

त्यालाच जोडून : वेळेचा उल्लेख राहतोय. २०१४ साली उंदरांच्या स्ट्रायटममध्ये (डोपामिन पोचतं असा मेंदूचा आतला भाग) दिसलं, की चेतापेशीच्या काट्यावर, म्हणजे जोडणी होते त्या बारीक फुगीर टोकावर, ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा संदेश आल्यानंतर साधारण ०.३ ते २ सेकंदांत डोपामिन पोचलं तरच तो काटा फुगून जोडणी बळावते. आधी पोचलं किंवा फार उशिरा आलं, तर नाही. प्रयोगात खूण आणि बक्षीस यांतलं अंतर दर खेपेला बदलत ठेवलं, तर बक्षिसाच्या वेळची झड पूर्ण विरत नाही. कारण बक्षीस येणार हे ठाऊक असलं तरी कधी, ते ठाऊक नसतं. म्हणून व्याख्येत ‘किती’सोबत ‘केव्हा’ही लिहा.