माहिती अधिकारातली दिरंगाई: दंड कोणाला आणि कधी?

माणकाठची

माहिती अधिकार कायदा 2005 साली आला. दोन दशकं उलटली, तरी अर्जाला वेळेत उत्तर न देणाऱ्या कार्यालयाचं आजही काही बिघडत नाही. याचं खापर आपण सगळे कर्मचाऱ्यांच्या सुस्तीवर फोडतो. माझ्या मते दोष कायद्यातच राहिला आहे.

कलम 7 प्रमाणे जनमाहिती अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयाने अर्जांना उत्तर द्यायला नेमलेल्या माणसाला, 30 दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा आणि पहिलं अपील करायचं, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्यांना 30 दिवस, फार तर 45. इथपर्यंत मुदती आहेत. त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील जातं आणि आयोगाने ते किती दिवसांत निकाली काढायचं, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. माहिती आयोगांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या सतर्क नागरिक संघटनेच्या 2023 आणि 2024 च्या अहवालांत महाराष्ट्र आयोगापुढची प्रलंबित प्रकरणं एक लाखाच्या वर होती, देशात सगळ्यांत जास्त.

आता याला दंडाचा हिशेब लावून पाहा. कलम 20 प्रमाणे दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000. म्हणजे शंभराव्या दिवशी दंड वाढायचा थांबतो. आयोगाची सुनावणी लागेपर्यंत वर्ष कधीच उलटलेलं असतं. शंभर दिवस ज्याने काढले, त्याला पुढच्या सगळ्या उशिराची किंमत शून्य. आणि तेवढा दंड तरी होतो का? त्याच संघटनेच्या अहवालांनुसार देशभरात जिथे दंड व्हायला हवा होता, त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त प्रकरणांत तो लावलाच गेला नाही.

आमच्या भागात दुष्काळात टँकर चालतात. गावाला किती खेपा मंजूर झाल्या आणि प्रत्यक्षात किती आल्या, याची लॉगबुकं आणि जीपीएसच्या नोंदी मी एप्रिलमध्ये मागितल्या. मुदत संपत आली तेव्हा पत्र आलं की अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे हस्तांतरित केला आहे. असं हस्तांतर कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत व्हायला हवं. तिथून झेरॉक्सचे पैसे भरायचं पत्र आलं, तोवर गावात पाऊस होऊन ओढे वाहायला लागले होते. उन्हाळ्यात तो कागद हातात असता तर तहसीलदारांसमोर ठेवून चुकलेल्या खेपा मागता आल्या असत्या. श्रावणात त्याचं मी काय करू?

माझ्या दोन मागण्या आहेत. आयोगाला दुसऱ्या अपिलासाठी 90 दिवसांची सक्तीची मुदत घाला, आणि दंडाची 25,000 ची मर्यादा काढून टाका. कोणाला पटत नसेल तर कारणासह सांगा.

टेबल_क्रमांक_चार

ताई, मी पंचायत समितीत आहे आणि जनमाहिती अधिकारी म्हणून सही माझी असते. पहिली मागणी मान्य. दुसरी अजिबात नाही.

आमच्या कार्यालयात मंजूर पदं भरलेली नाहीत. माझ्याकडे माझं टेबल आहे आणि आणखी दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार आहे. निवडणूक लागली की मतदार याद्या, दुष्काळ पडला की टंचाईचे अहवाल, अधिवेशन सुरू झालं की तारांकित प्रश्नांची उत्तरं, आणि यातलं प्रत्येक काम 'आज सायंकाळपर्यंत' हवं असतं. याच दिवसांत अर्ज येतो: गेल्या दहा वर्षांतल्या सर्व कामांची अंदाजपत्रकं, मोजमाप पुस्तिका, देयकं आणि त्यावरच्या टिप्पण्या साक्षांकित करून द्या. 2012 पासून राज्याच्या नियमात एका अर्जात एक विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, पण दहा वर्षांची सगळी देयकं मागायला एक ओळ पुरते.

मागितलेला कागद माझ्या कपाटात नसतो, हे तर बाहेर कोणाला दिसतच नाही. मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही, शाखा अभियंत्याकडे असते. मी त्यांना पत्र देतो, स्मरणपत्र देतो. ते दौऱ्यावर असतात. मुदत उलटते आणि आयोगापुढे उभा मी राहतो. दंड माझ्या पगारातून कापला जातो. पुस्तिका ज्यांनी अडवून धरली, त्यांचं नावही निकालपत्रात येत नाही. मर्यादा काढली तर लिपिकाचं घर बुडेल, पण वरचा माणूस आहे तिथेच राहील.

सर्वोच्च न्यायालयानेही 2011 साली म्हटलं आहे की 75 टक्के कर्मचाऱ्यांचा 75 टक्के वेळ माहिती गोळा करण्यात जावा, अशी देशाची इच्छा नाही. आम्ही माणसं आहोत, एवढंच माझं मागणं आहे.

नगरी_रोखठोक

चार नंबरचे दादा सभ्य शब्दांत बोलले, मी सरळ बोलतो. तालुक्यातालुक्यात माहिती अधिकाराचा धंदा झाला आहे. अर्ज टाकायचा, ठेकेदाराला गाठायचं, 'सेटलमेंट' झाली की अपील मागे घ्यायचं. एकाच माणसाची हजारो अपिलं आयोगापुढे असल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. अशांच्या गर्दीत खऱ्या माणसाचा नंबर मागे जातो आणि दोष मात्र कार्यालयाला.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कोणीही सरकारी यंत्रणा कामाला लावतो. शुल्क पाचशे करा, आणि माहिती कशासाठी हवी ते अर्जात लिहायला लावा. निम्मे अर्ज आपोआप थांबतील आणि उरलेल्यांना वेळेत उत्तर मिळेल.

माणकाठची

पाचशे रुपये ठेकेदाराच्या स्पर्धकाला जड नाहीत. रोजगार हमीवर जाणाऱ्या बाईला जड आहेत. शुल्क वाढवलं तर धंदेवाला राहील आणि तीच गळेल.

कारण लिहायची सक्ती तर त्याहून वाईट. अर्जदाराला कारण विचारायचं नाही, हे कलम 6(2) मध्ये जाणूनबुजून घातलं आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीचे व्यवहार उघडे करत होते, 2010 च्या जानेवारीत त्यांचा खून झाला. अशा माणसाने 'मला भूखंड घोटाळ्याचे पुरावे हवेत' असं अर्जावर लिहून द्यायचं का? अर्ज आत गेला की संध्याकाळपर्यंत नाव-गाव बाहेर पोचतं, हे तालुक्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

खंडणीखोर आहेत, मला ते मान्य आहे. पण त्यांची ताकद कशात आहे? कागद दडवलेला असतो, त्यातच. कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली माहिती कायदा झाल्यापासून 120 दिवसांत स्वतःहून जाहीर करायची होती. रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप आणि देयक संकेतस्थळावर असतं, तर ते दाबून ठेवायचे पैसे कोणी कोणाला दिले असते? उत्तर लांबवणारं कार्यालयच त्या धंद्याला बाजार मिळवून देतं.

आणि दादा, 2011 च्या ज्या निकालाचा तुम्ही दाखला दिलात, त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला. कार्यालयांतून त्यातलं 75 टक्क्यांचं वाक्य तेवढं वाचून दाखवतात.

शाळेची_बाई

मी कधी कोणाला खंडणी मागितली नाही. निवृत्तीनंतर वेतन निश्चितीची फाइल एका कार्यालयात अडकली होती. चौकशीला गेलं की 'वर पाठवली आहे' एवढंच ऐकायला मिळायचं. शेवटी मुलाने माहिती अधिकारात अर्ज केला: फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे आणि तिथे किती दिवस आहे. त्या अर्जाला लेखी उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही. पण पेन्शन सुरू झालं.

मला वाटतं, चार नंबरच्या भाऊंकडे येणाऱ्या अर्जांत माझ्यासारख्यांचे अर्ज बरेच असतील. आम्हाला माहिती नको असते, काम हवं असतं. दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, तरी माणसाला शेवटी याच दारात यावं लागतं. बाकीचं काम वेळेत झालं तर तुमचा ढीग निम्मा होईल.

कोर्टफी_स्टॅम्प

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, अपिलं चालवतो. दोन्ही बाजूंना काही गोष्टी सांगतो.

अर्जदारांनो, मुदत उलटली की कलम 7(6) प्रमाणे माहिती विनाशुल्क द्यावी लागते. तरीही उशिरा शुल्काचं पत्र येतं आणि लोक निमूट पैसे भरतात. भरू नका, 7(6) लिहून पत्र परत पाठवा. मुदतीतच शुल्काचं पत्र आलं तर मात्र ते पत्र पाठवल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. म्हणून पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा. पत्रावरची तारीख आणि शिक्क्याची तारीख यांत बरंच अंतर सापडतं. माणकाठच्या ताई, टँकरची लॉगबुकं अर्ज करून मागण्यापेक्षा आधी जाऊन पाहायची. राज्य सरकारच्या 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला खुले असायला हवेत. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधीपासून होती. अर्थात परिपत्रक निघालं म्हणजे कपाट उघडलं असं नाही. पण पाहू दिलं नाही तर तसं लिहून घ्या, अपिलात कामाला येतं.

आता चार नंबरचे साहेब. अडचण खरी आहे, पण तुमच्यासाठी कायद्यात वाट आहे. कलम 5(4) प्रमाणे माहिती ज्याच्या ताब्यात आहे त्या कोणत्याही अधिकाऱ्याचं सहाय्य तुम्ही लेखी मागू शकता. कलम 5(5) म्हणतं की असं सहाय्य मागितल्यावर तो अधिकारीच जनमाहिती अधिकारी समजला जाईल. म्हणजे दंडही त्याला. शाखा अभियंत्याला 'पत्र देतो' म्हणालात, त्या पत्रात 5(4) चा उल्लेख असतो का?

दंडाची मर्यादा काढण्यापेक्षा आयोगातली रिकामी पदं भरणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माहिती अधिकार कार्यकर्त्या अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सांगितलं की माहिती आयुक्ताचं पद रिकामं होण्याआधीच निवडीची प्रक्रिया सुरू करा. तरी आपल्याकडे एका आयुक्ताने दोन खंडपीठं सांभाळण्याची वेळ आलेली आहे. आयुक्तच नसेल तर 90 दिवसांची मुदत घालून पाळणार कोण?

टेबल_क्रमांक_चार

वकीलसाहेब, 5(4) मला माहीत आहे, यशदाच्या, म्हणजे पुण्याच्या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या, वर्गात शिकवलं होतं. बरोबरीच्या टेबलाला मी ते लिहितो. वरिष्ठाला कसं लिहू? माझा गोपनीय अहवाल तेच लिहितात, रजाही तेच मंजूर करतात. एकदा लिहिलं की बदलीचा प्रस्ताव तयार होतो, आणि तो मात्र कधी लांबत नाही.

बाई, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. तुमच्यासारख्या अर्जाला मी उत्तर लिहीत बसत नाही, उठून फाइल शोधतो आणि पुढे सरकवतो. मग उत्तर राहून जातं.

नगरी_रोखठोक

मग हेच सिद्ध झालं ना, की लिपिकाला दंड करून काही साध्य होत नाही? माझा मुद्दा कायम आहे. अर्जांची संख्या कमी केल्याशिवाय वेळ पाळली जाणार नाही. कारण विचारू नका म्हणता, ठीक. निदान एका माणसाच्या वर्षातल्या अर्जांना काही मर्यादा घाला.

माणकाठची

मर्यादा घातली की धंदेवाला बायकोच्या, भावाच्या, मित्राच्या नावाने अर्ज करेल. ज्याला सहा महिने टँकरचा पाठपुरावा करायचा आहे त्याचेच अर्ज संपतील. त्यापेक्षा दहा जणांनी मागितलेला कागद अकराव्या अर्जाआधी संकेतस्थळावर टाका.

चार नंबरचे दादा, तुमची भीती मी हलकी समजत नाही. पण वरिष्ठाला पत्र लिहायची जोखीम एकट्या तुमच्यावर पडते, ती अर्जदारावर घेता येईल. यापुढे मी अर्जातच लिहीन: 'ही माहिती ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे कलम 5(4) अन्वये लेखी सहाय्य मागावे आणि त्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत मला द्यावी.' मग तुम्ही स्वतःहून लिहिलं असं होत नाही, अर्जदाराने मागितलं म्हणून लिहिलं. आयोगापुढे मी तीच प्रत ठेवून 5(5) प्रमाणे दंड कोणावर ते ठरवा म्हणेन. हे चालेल का?

कोर्टफी_स्टॅम्प

चालेल. पण तेवढ्यावर थांबू नका. पहिल्या अपिलातही हाच मुद्दा स्वतंत्र लिहा, नाहीतर आयोगापुढे तो पहिल्यांदाच आला म्हणून बाजूला सारतील. आणि सहाय्य मागितलंच नसेल तर दंड जनमाहिती अधिकाऱ्यावरच येईल, हेही साहेबांनी लक्षात ठेवावं.

टेबल_क्रमांक_चार

अर्जात असं वाक्य असेल तर मी पत्र काढीन, त्याच दिवशी काढीन. टिप्पणीत 'अर्जदाराच्या मागणीनुसार' एवढं लिहिता आलं तरी मला पुरे. प्रत हवी असेल तर जावक नोंदवहीच्या पानाचीही मागा, नाहीतर पत्र मिळालंच नाही असं समोरचे म्हणतात.

दंडाची मर्यादा काढायला माझा विरोध आहे तो आहेच. आधी एका तरी निकालात 5(5) प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याच्या पगारातून दंड कापलेला दाखवा, मग त्यावर बोलू.