फ्रोझन मटार आणि डब्यातला टोमॅटो हेही 'प्रोसेस्ड'च का?

सकाळची_घाई:
घरात सध्या एकच वाद चालू आहे. नवऱ्याने फर्मान काढलंय: पाकीट-डबा सगळं बंद, फक्त ताजं, मोसमी आणि आसपास पिकलेलं खायचं. ऐकायला छान आहे, पण आम्ही दोघंही दमून उशिरा घरी येतो आणि निवडणं-चिरणं कोणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नकोच. फ्रीजरमधले मटार आणि टोमॅटोचे डबे यांच्यावर माझी अर्धी संध्याकाळ निभावते. तेही टाकून द्यायचे का? नक्की रेघ कुठे मारायची?

पानोपानी:
नवऱ्याचं बरोबर आहे. कारखान्यात गेलं की अन्नातला जीव गेला. जवळचं, ताजं खा, बाकी विचार करू नका.

जुना_तपासनीस:
भाज्या गोठवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत बरीच वर्षं काढलीत, तेव्हा मटारांची बाजू मलाच घ्यावी लागणार.

मटार तोडले की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून माल आला की आमची धावपळ सुरू. दाणे थोडा वेळ गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढायचे, लगेच गार करायचे आणि गोठवायचे. माझं काम मधल्या टप्प्यावर. दाणे ठेचून त्यावर ग्वायकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या रसायनांचे थेंब टाकायचे. तपकिरी रंग चढला तर पेरॉक्सिडेज हे एन्झाइम अजून काम करतंय, म्हणजे उष्णता कमी पडली. तसाच माल गोठवला तर पुढे साठवणीत चव बिघडते. या गरम पाण्यात थोडं क जीवनसत्त्व जातं हे खरं, पण गोठवल्यावर उरलेलं बऱ्यापैकी टिकतं. उलट पालकाची जुडी नुसती ओट्यावर पडून राहिली तरी ते रोज घटत जातं. त्यामुळे 'ताजी' भाजी शेतातून निघून किती दिवस झाले, हेही विचारा.

रेघेचं म्हणाल तर ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठात कार्लोस मोन्तेरो यांच्या गटाने अन्नावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली यावरून नोव्हा नावाची वर्गवारी मांडली. तिच्यात 4 गट आहेत. नुसते गोठवलेले मटार पहिल्याच गटात, फळं-भाज्यांच्या पंगतीला बसतात. मीठ घालून डबाबंद केलेल्या भाज्या तिसऱ्यात. खरी काळजी चौथ्याची: घरच्या स्वयंपाकघरात कधी नसणारे स्वाद, रंग, तेल-पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर घालून बनवलेले पदार्थ. अमेरिकेत 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे असं जेवण आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या ताटांत साखर, मीठ, चरबी, चोथा जवळपास सारखा. खायचं मात्र हवं तेवढं. चौथ्या गटातल्या जेवणावर माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि साधारण 0.9 किलोने वाढली. प्रयोग छोटा, पण मला तो पटतो, कारण असं मऊमऊ अन्न भराभर खाल्लं जातं.

पानोपानी, जवळचं म्हणजे पौष्टिक असं काही नसतं हो. कोपऱ्यावर तळलेले बटाट्याचे वेफर्सही जवळचेच.

मोसमाचं मात्र मीही मानतो. लांबच्या प्रवासासाठी टोमॅटो बरेचदा हिरवे तोडतात आणि इथिलीन वायूने लाल करतात. रंग येतो, चव येत नाही. मोसमातला, वेलीवर पिकलेला टोमॅटो मुलंसुद्धा नुसता खातात. मोसम संपला की डबा उघडा. शिजलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याला लाल रंग देणारं द्रव्य, शरीराला जास्त मिळतं, थोडं तेल असलं तर आणखीच. डबा घेताना घटकांची यादी बघा, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. टोमॅटो, रस, मीठ एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. फक्त मग वरून मीठ घालताना हात आखडा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते.

हिशेबी:
+१. आणि 'आसपासचं' पर्यावरणासाठी म्हणत असाल तर हीटर लावलेल्या काचघरात अवेळी पिकवलेली जवळची भाजी कधीकधी लांबच्या उघड्या शेतातल्या भाजीपेक्षा जास्त इंधन खाते.

सकाळची_घाई:
धन्यवाद! मटार राहिले, नवऱ्याला धागा वाचायला दिलाय. आता शेवटचं: मुलांचं स्ट्रॉबेरी स्वादाचं दही?

जुना_तपासनीस:
यादीत दुधानंतर लगेच साखर असेल तर साधं दही आणा आणि मोसमातलं फळ कुस्करून घाला. पहिले काही दिवस मुलं तोंडं वाकडी करतील. तेव्हा चमचाभर साखर तुम्हीच घाला आणि हळूहळू कमी करत जा. फळ निवडायचं काम नवऱ्याकडे द्या.