दिवाणी दाव्यात उत्पादनाचे गुपित पुरावा म्हणून द्यावे लागले तर?

प्रश्न (लघुउद्योजक, अंबड)
झिंक प्लेटिंगच्या ब्राइटनरचे (मुलाम्याला चकाकी आणणाऱ्या रसायनाचे) मिश्रण आम्ही स्वतः बसवले आहे. नोकरी सोडून गेलेल्या सुपरवायझरने त्याच्या प्रमाणांचा तक्ता नेला असून, सातपूरमध्ये त्याच मिश्रणावर काम सुरू झाल्याचे ग्राहकांकडून कळले. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम मागायचा आहे. परंतु तक्ता दाव्यास जोडला, तर त्याची प्रत प्रतिवादीला मिळून उरलेसुरले गुपितही जाईल, अशी भीती वाटते. काही उपाय आहे का?

उत्तर (वकील, नाशिक)
भीती रास्त आहे. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तो सुचवला आहे. मात्र न्यायालय हतबल नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५३ब नुसार न्यायाधीश सुनावणीस इतरांना मज्जाव करू शकतात. नरेश मिरजकर प्रकरणात (१९६६) सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने असा मज्जाव करण्याचा न्यायालयाचा अंगभूत अधिकार मान्य केला, आणि तो वाद मुंबईतील एका साक्षीदाराने, साक्ष छापून आल्यास धंद्याचे नुकसान होईल, असे सांगितल्यामुळेच उद्भवला होता.

खरा धोका दावा दाखल करतानाच असतो. वादपत्रात गुपित कोणते, ते कोणाकोणाला ठाऊक होते आणि कसे जपले, हे नेमके लिहावे, कारण मोघम वर्णनावर मनाई हुकूम मिळणे कठीण असते. तक्ता मात्र जोडू नये. त्याच संहितेच्या कलम १५१ खाली (न्यायालयाचे अंगभूत अधिकार) अर्ज करून तो मोहोरबंद लिफाफ्यात देण्याची परवानगी आधी मागावी.

प्रतिसाद (कारखानदार, सातपूर)
प्रतिवादीला तो तक्ता अजिबात न दाखवता निकाल लागू शकतो का? आणि त्यांच्या टाकीतले द्रावण बदलले गेले, तर पुरावा कसा उरेल?

उत्तर (वकील, नाशिक)
पूर्णपणे लपवता येणार नाही, आणि तसे व्हावे असे मलाही वाटत नाही. ज्या कागदावर निकाल द्यायचा, त्यावर समोरच्याला बोलता आलेच पाहिजे. म्हणून केवळ त्यांचे वकील आणि बाहेरचा तज्ज्ञ यांनी, गोपनीयतेची लेखी हमी देऊन, तो पाहावा, अशी मागणी करावी. दिल्ली उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या (जिथे दावे थेट दाखल होतात) २०१८ च्या नियमांत अशी पद्धत घालून दिलेली आहे. ते नियम नाशिकला लागू नाहीत, परंतु नमुना म्हणून अर्जासोबत दाखवता येतात.

द्रावणासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ७ खाली कोर्ट कमिशनर (न्यायालयाने पाहणीसाठी नेमलेली व्यक्ती) नेमून नमुना घेण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी. तक्ता ई-मेल किंवा पेनड्राइव्हवरून गेला असल्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही तयार ठेवावे.