मदत हवी आहे: महाधमनीच्या फुग्याचं ऑपरेशन आणि आतड्याचा जुना पीळ

मंडळी, चिपळूणहून लिहितोय. अण्णा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटची सोनोग्राफी करायला गेलो आणि भलतंच निघालं: पोटातल्या महाधमनीला फुगा, ५.९ सेंमी. एरवी ती साधारण २ सेंमी असते म्हणे, आणि पुरुषांत ५.५ च्या पुढे ऑपरेशन सुचवतात. विडी पन्नास वर्षं. आता सोडलीय, आमच्यासमोर तरी.

मुंबईचे सर्जन म्हणाले, फुग्याची मान (फुग्याच्या वरचा न फुगलेला भाग) आखूड आहे, आतून जाळीची नळी म्हणजे स्टेंट बसणार नाही, पोट उघडावंच लागेल. आणि डावीकडच्या मोठ्या आतड्याला रक्त कमी पडू शकतं. तिकडे जाणारी इन्फिरिअर मेसेंटेरिक आर्टरी फुग्यातूनच निघते, ती बहुतेक वेळा बांधून टाकतात. तरी चालतं, कारण वरून सुपिरिअर मेसेंटेरिक आणि खालून इंटर्नल इलियाक या धमन्यांचं रक्त येतं. मी आमची पोफळीची बाग डोळ्यासमोर आणली. मधला पाट बुजला तरी वरच्या-खालच्या पाटाने आळी भिजतात.

पण इथे आधीच खणाखणी झालीय. २००९ मध्ये आतड्याला पीळ पडला म्हणून डावीकडचा तुकडा काढला होता. वरचं-खालचं पाणी जोडणारा पाटच तेव्हा तुटला असेल तर? सर्जननीही तेच विचारलं, "जुन्या ऑपरेशनची नोंद आहे का?" ती फाइल जुलै २०२१ च्या पुरात गेली. कपाटातून काढली तेव्हा चिखलाची वडी झाली होती, डिस्चार्ज कार्डावर नुसती निळी शाई पसरलेली. त्यात सीटीत डावी इंटर्नल इलियाक अरुंद दिसतेय.

कागद नसताना हा धोका मापायचा कसा? कोणी डॉक्टर असाल तर सांगा.

प्रतिसाद: दादा, मी भूलतज्ज्ञ, कुडाळकडची. सीटीची सीडी जुन्या ऑपरेशनचं सांगून रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. नाहीतर सगळं लक्ष फुग्यावरच जातं. सुपिरिअर मेसेंटेरिक तोंडाशी अरुंद आहे का, हे आधी विचारा. वरचा पाट तोच.

ठरलेल्या उघड्या ऑपरेशनात आतड्याला रक्त कमी पडण्याचा त्रास साधारण शंभरात एक ते तीन जणांना होतो. फुगा फुटल्यावर केलं तर कितीतरी जास्त, म्हणून टाळत बसू नका. अण्णांचा धोका मात्र सरासरीपेक्षा जास्तच धरा. बराचसा निकाल टेबलावर लागतो. इन्फिरिअर मेसेंटेरिकवरचा चिमटा सोडला की तिच्यातून उलटं रक्त जोरात आलं तर आजूबाजूचा पुरवठा आहे. नुसतं ठिबकलं, किंवा आतड्यावर डॉप्लर (रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) धरून आवाज मिळाला नाही, तर तीच धमनी ग्राफ्टला, म्हणजे फुग्याच्या जागी बसवलेल्या कृत्रिम नळीला, जोडून देतात. ती तयारी ठेवणार का, एवढं सर्जनना स्पष्ट विचारा. बीपी पडू न देणं आमच्याकडे.

आणि एक. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत जुलाब झाले, त्यातही रक्ताचे, तर लगेच सिस्टरना सांगा. आतड्याला रक्त कमी पडल्याची ती खूण असू शकते. दुर्बिणीने आतडं बघावं लागतं.

धागाकर्ता: ताई, बरं झालं सांगितलंत. पोट साफ झालं म्हणून आम्ही पेढे आणले असते. सोमवारी सीडी घेऊन जातोय.